विष्णू माधव घाटगे

डॉ. विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर १९०८ – ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय वैमानिकी अभियंता, अध्यापक आणि विमानांचे अभिकल्पक होते. बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड (नंतरची हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, संक्षेपाने एचएएल) या कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्राथमिक प्रशिक्षण विमान, पुष्पक व कृषक ही हलकी विमाने आणि एचजेटी-१६ किरण हे लष्करी जेट प्रशिक्षण विमान तयार झाले. एचटी-२ हे भारतात अभिकल्पित होऊन मालिका-उत्पादनात गेलेले पहिले विमान मानले जाते. भारत सरकारने १९६५ साली घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले.

परदेशी आराखड्यांवरून विमानांची जुळणी करणे आणि स्वतःच्या आराखड्याचे विमान उडविणे यांत मोठे अंतर आहे. कागदावरील आकृती, तिची लहान प्रतिकृती, पूर्णाकृती लाकडी नमुना, उडणारा आद्य नमुना आणि शेवटी कारखान्यातून बाहेर पडणारी मालिका असे टप्पे त्या अंतरात येतात. ही संपूर्ण साखळी भारतात उभी करणे हे घाटगे यांचे मुख्य कार्य होय.

जन्म आणि शिक्षण

घाटगे यांचा जन्म आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी झाला. मुंबई विद्यापीठातून विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर ते जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

प्रांट्ल हे आधुनिक वायुगतिकीचे जनक समजले जातात. वाहणारी हवा पृष्ठभागाला जेथे स्पर्श करते तेथे तिचा एक पातळ थर मंदावतो व विमानाला होणारा हवेचा रोध बऱ्याच अंशी त्या थरावर अवलंबून असतो, ही सीमास्तराची कल्पना त्यांनी १९०४ साली मांडली. गॉटिंगेन येथे त्यांनी १९०७ साली प्रतिकृतींच्या चाचण्यांसाठी एक संस्था सुरू केली आणि तेथे वातविवर, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा बोगदा, उभारला. विमान बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती वाऱ्यात धरून मोजमापे घ्यावयाची, दोष आढळल्यास आकार बदलावयाचा आणि पुन्हा मोजावयाचे, ही पद्धत तेथे शास्त्रशुद्ध पायावर विकसित झाली. घाटगे यांची जडणघडण याच परंपरेत झाली.

हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि भारतीय विज्ञान संस्था

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. आरंभी हार्लो, कर्टिस हॉक व व्हल्टी व्हेंजन्स या अमेरिकी विमानांची जुळणी तेथे होत असे. घाटगे कंपनीच्या प्रारंभीच्या काळातच तेथे रुजू झाले. सैनिक वाहून नेण्यासाठी दहा आसनांचे एक ग्लायडर त्यांनी या काळात अभिकल्पित केले. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेमुळे कारखाना पुढे प्रामुख्याने विमानांच्या दुरुस्तीकडे वळला आणि नव्या विमानांचे काम मागे पडले.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू झाले. या विभागाच्या उभारणीची जबाबदारी घाटगे यांच्याकडे होती. देशातील वैमानिकीच्या उच्च शिक्षणाचा हा आरंभ होता. विभागासाठी वातविवर उभारण्यात आल्यामुळे प्रतिकृतींच्या चाचण्यांची सोय बंगळूरमध्येच झाली. कारखाना व प्रयोगशाळा एकाच शहरात असल्याचा लाभ पुढील प्रत्येक प्रकल्पाला मिळाला.

एचटी-२

स्वातंत्र्यानंतर घाटगे एचएएलमध्ये परतले व तेथील अभिकल्प विभागाचे प्रमुख झाले. वायुसेनेच्या नवशिक्या वैमानिकांसाठी स्वदेशी विमान तयार करणे हे या विभागाचे पहिले मोठे काम होते. दोन आसने एकामागे एक असलेल्या, खाली बसविलेल्या पंखांच्या, संपूर्ण धातूच्या एचटी-२ या विमानाचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झाले. ते कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी चालविले होते.

प्रशिक्षण विमानाचा आराखडा वरवर सोपा वाटला तरी त्याची परीक्षा कठीण असते. शिकाऊ वैमानिकाच्या हातून वेग कमी पडून पंखांचा आधार सुटला, तर विमानाने पूर्वसूचना द्यावी आणि योग्य उपाय केल्यावर सावरावे, अशी अपेक्षा असते. त्याच वेळी चूक अजिबात जाणवू न देणारे विमान शिक्षणास निरुपयोगी ठरते. एचटी-२ या कसोटीस उतरले. वायुसेनेने आणि नागरी उड्डाण शाळांनी ते दीर्घकाळ वापरले, तसेच घानाच्या वायुसेनेलाही ही विमाने पुरविण्यात आली.

पुष्पक आणि कृषक

एचटी-२ नंतर विभागाने दोन हलक्या विमानांचे काम हाती घेतले. फ्लाइंग क्लबांसाठीचे दोन आसनी पुष्पक हे सप्टेंबर १९५८ मध्ये प्रथम उडाले. त्याच आराखड्याचा विस्तार करून लष्कराच्या हवाई टेहळणीसाठी कृषक हे विमान तयार करण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९५९ मध्ये झाले. सिद्ध झालेला आराखडा टाकून न देता त्यात आवश्यक तेवढेच बदल करून नवे विमान घडविण्याची रीत या दोन विमानांत स्पष्ट दिसते.

याच सुमारास जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक १९५६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह एचएएलमध्ये आले आणि एचएफ-२४ मरुत या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. मरुतच्या आकाराची खात्री करून घेण्यासाठी एक्स-२४१ नावाचे पूर्णाकृती लाकडी ग्लायडर बांधण्यात आले आणि १९५९ पासून दुसऱ्या विमानाने ओढून नेऊन त्याची अनेक उड्डाणे करण्यात आली. प्रत्यक्ष मरुत १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी प्रथम उडविले. परदेशी तज्ज्ञाच्या नेतृत्वाखालील हा प्रकल्प आणि घाटगे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय अभियंत्यांचा जेट प्रकल्प काही वर्षे एकाच कारखान्यात शेजारी शेजारी चालू होते.

एचजेटी-१६ किरण

१९५०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय वायुसेनेकडे लढाऊ जेट विमाने मोठ्या संख्येने येऊ लागली होती. प्रोपेलरच्या विमानावर शिकलेल्या छात्राला त्यांपर्यंत नेणारी मधली पायरी म्हणून ब्रिटिश बनावटीची व्हॅम्पायर विमाने वापरली जात. त्यांच्या जागी येणाऱ्या स्वदेशी जेट प्रशिक्षण विमानाचे काम १९५९च्या सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे सोपविण्यात आले.

विमानात छात्र व प्रशिक्षक शेजारी शेजारी बसतील, अशी रचना निवडण्यात आली. छात्राचे हात, नजर व चुका प्रशिक्षकाला थेट दिसाव्यात हा या रचनेचा लाभ होता. मात्र तिच्यामुळे विमानाचा पुढचा भाग रुंद होतो आणि हवेचा रोध वाढतो. तो शक्य तितका कमी राहील अशा रीतीने त्या रुंद भागाला मागील निमुळत्या धडाशी जोडणे आणि दोन्ही बाजूंच्या हवामार्गांतून इंजिनाला सुरळीत हवा पोहोचविणे हे अशा आराखड्यातील नाजूक काम असते. दाबयुक्त कक्ष, संकटकाळी वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने आणि सुमारे २,५०० पौंड रेट्याचे ब्रिस्टल सिडली व्हायपर इंजिन ही विमानाची अन्य वैशिष्ट्ये होत.

प्रतिकृतीचे महत्त्व अशा विमानाच्या बाबतीत विशेष असते. किरणची लांबी व पंखविस्तार हे दोन्ही साडेदहा मीटरांहून थोडे अधिक आहेत. दहास एक या प्रमाणात त्याची प्रतिकृती केल्यास ती सुमारे एक मीटर लांबीची होते आणि तिच्यातील एक मिलिमीटरची चूक प्रत्यक्ष विमानावरील एका सेंटीमीटरइतकी ठरते. म्हणून वातविवरासाठीची प्रतिकृती घडविताना पंखांच्या पुढील कडेची गोलाई साच्यांनी तपासावी लागते, सांधे बुजवून पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो आणि शेपटीचे भाग वेगवेगळ्या कोनांत बसविता यावेत अशी सोय ठेवावी लागते. प्रवाह कोठे सुटतो हे पाहण्यासाठी पृष्ठभागावर लोकरीचे बारीक धागे चिकटविण्याची रीत आहे. धागे सरळ राहिले तर हवा पृष्ठभागाला धरून वाहते आहे असे समजते. ते फडफडू लागले वा उलटे वळले तर तेथे आकारात सुधारणा हवी असते.

तरीही प्रतिकृतीवरील मोजमाप जसेच्या तसे विमानाला लागू करता येत नाही. हवेचा वेग तोच ठेवून आकार दहापट लहान केला, तर प्रवाहाचे स्वरूप ठरविणारा रेनल्ड्झ अंकही दहापट घटतो व सीमास्तर वेगळ्या रीतीने वागतो. हा फरक ओळखून दुरुस्ती करणे हे वायुगतिकीच्या जाणकाराचे काम असते. प्रतिकृतीनंतर पूर्णाकृती लाकडी नमुन्यात आसने, उपकरणे व दृष्टिक्षेप तपासले जातात. अखेरचा निर्णय मात्र आद्य नमुन्याच्या उड्डाणातच होतो.

किरणचा आद्य नमुना ४ सप्टेंबर १९६४ रोजी बंगळूर येथे यशस्वीपणे उडाला. भारतीय अभिकल्पकांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे पहिले जेट विमान होते. त्यानंतर महिनाभरात, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेडशी विलीनीकरण होऊन हिंदुस्तान एअरक्राफ्टचे नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड असे झाले. चाचण्या व सुधारणा पूर्ण होऊन १९६८ पासून किरण विमाने वायुसेनेकडे जाऊ लागली. पहिले उड्डाण आणि सेवाप्रवेश यांत गेलेली ही जवळपास चार वर्षे किरकोळ भासणाऱ्या असंख्य दुरुस्त्यांची होती.

किरणचा पुढील विकास

घाटगे यांच्या गटाने घडविलेल्या मूळ आराखड्यात पुढेही भर पडत गेली. मार्क १ए या आवृत्तीत पंखांखाली शस्त्रे बसविण्याची सोय करण्यात आली, त्यामुळे छात्रांना शस्त्रप्रशिक्षणही देता येऊ लागले. मार्क २ मध्ये व्हायपरऐवजी अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन, दोन मशीनगन आणि पंखांखाली शस्त्रांसाठी चार जागा आल्या. तिचे पहिले उड्डाण ३० जुलै १९७६ रोजी झाले. सर्व आवृत्त्या मिळून सुमारे २५० किरण विमाने बनली. वायुसेनेच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या या विमानावर शिकल्या. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाने किरण मार्क २ विमानेच वापरली, तर नौदलाच्या सागर पवन पथकाकडेही किरण विमाने होती.

मूल्यमापन

घाटगे यांच्या काळातील भारतीय विमानांची एक मर्यादा कायम राहिली. विमानाचे धड, पंख व नियंत्रणे देशात अभिकल्पित झाली, तरी इंजिने परदेशी आराखड्याचीच होती. अपेक्षित शक्तीचे इंजिन न मिळाल्याने मरुत आपल्या नियोजित वेगापर्यंत पोहोचू शकले नाही. किरणच्या वाट्याला ही अडचण तितक्या तीव्रतेने आली नाही, कारण त्याची उद्दिष्टे उपलब्ध इंजिनाच्या आवाक्यात ठरविण्यात आली होती. मरुतची कीर्ती किरणला लाभली नाही, परंतु किरणची सेवा अधिक दीर्घ ठरली.

एचटी-२ ते किरण या तेरा वर्षांत प्रोपेलरच्या साध्या प्रशिक्षण विमानापासून दाबयुक्त कक्षाच्या जेट विमानापर्यंतचा प्रवास एकाच अभिकल्प विभागाने केला. विज्ञान संस्थेत विद्यार्थी घडविणे आणि कारखान्यात विमाने घडविणे या दोन्ही कामांचा पाया घालणाऱ्यांत घाटगे होते. त्यामुळे त्यांच्या निवृत्तीनंतरही काम चालू ठेवू शकतील असे अभियंते देशात उपलब्ध झाले.

सन्मान आणि स्मृती

पद्मश्री (१९६५) हा घाटगे यांचा प्रमुख राष्ट्रीय सन्मान होय. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते. बंगळूर येथील एचएएलच्या संमेलन केंद्रालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्याच शहरातील एचएएलच्या वारसा केंद्र व विमान संग्रहालयात एचटी-२, पुष्पक, मरुत आणि किरण ही विमाने पाहावयास मिळतात.