नर्तक-नट भगवानदादा पालव

शालेय वार्षिकात चरित्रे यावयाची ती साधुसंतांची, संशोधकांची अथवा देशसेवकांची, असा आपला प्रघात आहे. तेथे एका सिनेनटाचे, आणि त्यातही नर्तकाचे, चरित्र पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतील. तथापि ज्या मनुष्याने गिरणी-कामगाराच्या घरी जन्मून वैभवाचे शिखर गाठले आणि ते वैभव हातचे गेल्यावरही लहान कामाची लाज धरली नाही, त्याचे जीवन विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे असे मला वाटते.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावती येथे झाला. वडील मुंबईस कापडगिरणीत कामास होते. त्यामुळे मुलाचे वाढणे गिरणगावच्या कामकरी वस्तीतच झाले. लहानपणीच मजुरी करणे प्राप्त झाले, परंतु मन मूकपटांत गुंतलेले असे. साहसपटांचे नायक मास्टर विठ्ठल हे त्यांचे दैवत. पुढे मूकपटांत किरकोळ कामे मिळू लागली आणि १९३४ साली ‘हिम्मत-ए-मर्दां’ या बोलपटात ते दिसले.

१९३८ साली ‘बहादुर किसान’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांनी भाग घेतला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे अल्प खर्चाचे मारधाडीचे पट त्यांनी एकामागून एक काढले. पोशाख ठरविण्यापासून मंडळींच्या जेवणाच्या व्यवस्थेपर्यंत सर्व कामे ते अंगावर घेत. शिष्टांनी या पटांकडे पाहिले नाही. पण दिवसभर राबून आलेला मजूर ते आवडीने पाही.

चरित्रकाराने दोष झाकू नये. १९४२ साली एका प्रसंगाचे चित्रीकरण चालू असता भगवानदादांनी नटी ललिता पवार यांना मारलेली चपराक इतक्या जोराची बसली की त्यांच्या चेहऱ्यास पक्षाघात होऊन डावा डोळा कायमचा अधू झाला. पडद्यावरचा खोटा प्रहार क्षणाच्या बेसावधपणाने खरा ठरला, आणि त्याचे मोल दुसऱ्याने आयुष्यभर भरले.

त्याच वर्षी ते निर्माते झाले व १९४७ साली चेंबूर येथे त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांच्या सल्ल्यावरून मारधाड सोडून त्यांनी ‘अलबेला’ हा संगीतप्रधान सामाजिक बोलपट १९५१ साली काढला. रंगभूमीचे स्वप्न पाहणाऱ्या गरीब कारकुनाची ही कथा. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. भगवानदादांसाठी गायिले तेही रामचंद्रच, चितळकर या नावाने. पाश्चात्य वाद्यांचा ठेका आणि देशी गोडवा यांचा असा मेळ लोकांस फारच भावला.

नृत्याविषयी विशेष सांगितले पाहिजे. अमेरिकेत फ्रेड अस्टेअर व जीन केली हे नर्तक-नट वर्षानुवर्षांच्या तालमीने कमावलेल्या चपळ पदन्यासाबद्दल विख्यात होते. भगवानदादांची देहयष्टी ठेंगणी व स्थूल. तसल्या गिरक्या त्यांस साधल्या नसत्या. त्यांनी दुसऱ्याची नक्कल केली नाही. अर्धे उचललेले हात, किंचित हलणारे खांदे, संथ आखूड पावले, आणि मुखावर निर्व्याज हसू, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी स्वतःची शैली निर्माण केली. पाहणाऱ्या प्रत्येकास वाटे की हे आपणांसही जमेल. पुढील पिढीच्या अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटांनीही तीच पावले उचलली.

वैभव आले. जुहूस पंचवीस खोल्यांचा बंगला आणि वाराला एक याप्रमाणे सात मोटारी झाल्या. परंतु ‘झमेला’ (१९५३) व ‘लाबेला’ (१९६६) यांस पूर्वीचे यश लाभले नाही. दूरदृष्टीही उणी पडली. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतो. येथे तो डोळ्यांपुढे घडला. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि भगवानदादा पुनश्च दादरच्या चाळीत राहावयास आले. सुखाचे सोबती पांगले, सी. रामचंद्र, ओम प्रकाश व गीतकार राजेंद्र कृष्ण यांच्यासारखे मोजके स्नेही तेवढे येत राहिले.

येथेच खरी कसोटी होती. एके काळी स्वतःचा स्टुडिओ असलेला हा गृहस्थ दुसऱ्यांच्या चित्रपटांत दोन-चार क्षणांची कामे करू लागला. नाचावयास सांगितले की तीच संथ पावले तो त्याच हसऱ्या मुखाने टाकी. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, पैसा सांभाळण्याचे शहाणपण या चरित्रातून उलट्या बाजूने शिकावे. पण कामाची प्रतिष्ठा मात्र सरळ बाजूने शिकावी. भिवपुरी रोडहून गाडीत बसून तुमच्यापैकी कित्येक पुढे पोटासाठी मुंबईस जातील. दादर आले म्हणजे क्षणभर स्मरावे की याच नगरीत एका मजुराच्या मुलाने लाखोंना हसविले, आणि स्वतःच्या पडत्या काळातही तो हसणे विसरला नाही.