आत्मशोधक डॉक्टर कार्ल युंग

चंद्रसूर्यांचीं ग्रहणें केव्हां लागणार हें मनुष्यास गणितानें शंभर वर्षें आधीं सांगतां येतें. परंतु आपणांस राग कां येतो, भय कशाचें वाटतें, एखादें काम आपण नेहमीं पुढें कां ढकलतों, या साध्या प्रश्नांचीं उत्तरें त्यास सांपडत नाहींत. स्वतःची ओळख हा सर्व विद्यांमध्यें अवघड विषय होय. अलीकडे या कामीं कलचाचण्या व व्यक्तिमत्त्व-चाचण्या यांचें साह्य घेण्यांत येतें. कांहीं प्रश्नांपुढें खुणा केल्या, कीं मुलगा अंतर्मुख आहे कीं बहिर्मुख, विचारप्रधान आहे कीं भावनाप्रधान, याचा निवाडा कागदावर उमटतो. तो कागद पाहून कित्येक मुलें हिरमुसलीं होतात, आणि कित्येक पालक त्यावरच मुलाचें सारें भवितव्य ठरवून मोकळे होतात. म्हणून, ज्या पुरुषानें अंतर्मुख व बहिर्मुख हे शब्द जगाच्या तोंडीं रुळविले, त्याचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

कार्ल गुस्टाव युंग यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांत, कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं वसलेल्या केसविल नांवाच्या खेड्यांत, ता. २६ जुलै १८७५ रोजीं झाला. वडील पॉल युंग हे प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक असून घरची स्थिति बेताचीच होती. कार्ल नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यास खेळावयास भावंड नव्हतें. त्यामुळें तो एकलकोंडा झाला. एकदां त्यानें लांकडी पट्टीच्या टोंकाला एक छोटा माणूस कोरला, त्यास डगला घातला, आणि रंगविलेल्या एका गुळगुळीत दगडासह पेन्सिलीच्या पेटींत निजवून माळ्यावरच्या तुळईवर लपवून ठेवला. मन खट्टू झालें, कीं त्या लपविलेल्या माणसाची आठवण करून तो शांत होत असे. आपल्या आंत कोणी दुसराच वस्तीस आहे, ही जाणीव त्यास लहानपणींच झाली होती.

पुढें कार्ल बाझल शहरांतील मोठ्या शाळेंत जाऊं लागला. वर्गांतील बहुतेक मुलें श्रीमंतांचीं. कार्लच्या बुटांस मात्र भोंकें. गणिताचा तास तर त्यास शिक्षाच वाटे. १८८७ सालच्या उन्हाळ्यांत तेथील मोठ्या चर्चसमोरील चौकांत एका मुलानें त्यास ढकललें. कार्ल पडला व त्याचें डोकें दगडावर आपटलें. पडतां पडतांच त्याच्या मनांत विजेसारखा विचार चमकून गेला, कीं आतां शाळेंत जावयास नको! तेव्हांपासून शाळेचें नांव काढलें किंवा अभ्यासास बसविलें, कीं त्यास घेरी येई. सहा महिन्यांहून अधिक काळ तो घरींच राहिला. रानांत भटकावें, चित्रें काढावीं, वडिलांचीं पुस्तकें चाळावीं, असा त्याचा दिनक्रम झाला. डॉक्टरांस रोगाचें निदान होईना. एकानें तर अपस्माराची शंका घेतली.

एके दिवशीं वडील बागेंत एका स्नेह्याशीं बोलत होते आणि झुडपाआड बसून कार्ल तें ऐकत होता. आपल्याजवळ होतें नव्हतें तें औषधोपचारांत खर्च झालें, आणि मुलगा बरा झाला नाहीं तर तो पोट कसें भरणार, हें त्या पित्याचें दुःख त्याच्या कानीं पडलें. त्या शब्दांनीं मुलगा खडबडून जागा झाला. तो हळूच वडिलांच्या अभ्यासिकेंत गेला व लॅटिन व्याकरणाचें पुस्तक उघडून बसला. दहा मिनिटांत घेरी आली. परंतु सावरून तो पुन्हां वाचूं लागला. पुन्हां घेरी आली. तो उठला नाहीं. तासाभरानें तिसऱ्यांदा आली, तरी त्यानें पुस्तक सोडलें नाहीं. त्यानंतर ती घेरी कायमची गेली. कांहीं आठवड्यांनीं तो शाळेंत परतला आणि पहांटे पांचला, कधीं कधीं तीनलाही, उठून अभ्यास करूं लागला. हा सापळा दुसऱ्या कोणीं नव्हे, तर आपल्याच मनानें आपल्यासाठीं रचला होता, हें त्यास लख्ख दिसलें. ज्या मुलानें ढकललें होतें त्याचा राग त्यास कधींच धरतां आला नाहीं. बारा वर्षांच्या मुलानें मिळविलेलें हें आत्मज्ञान आम्हांस फार मोलाचें वाटतें. कारण तें कोणत्याही चाचणीनें त्याच्या हातीं दिलेलें नव्हतें, आणि तें मिळतांच त्यानें त्याप्रमाणें आचरणही केलें.

पितापुत्रांमध्यें मात्र एक पडदा कायमचा राहिला. कार्लनें धर्माविषयीं प्रश्न विचारावे आणि वडिलांनीं विचार न करतां श्रद्धा ठेवण्यास सांगावें, असें वारंवार घडे. स्वतः वडिलांच्याच मनांत शंकांचें काहूर माजलें होतें, पण तें त्यांनीं कोणास दाखविलें नाहीं. १८९५ सालीं कार्ल बाझलच्या विद्यापीठांत वैद्यक शिकूं लागला आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभीं वडील वारले. न उच्चारलेलें दुःख माणसास कसें पोखरतें, हें त्यानें घरींच पाहिलें. मानसरोगांचें वैद्यक त्या काळीं हलकें समजलें जाई; तरीही त्यानें तेंच आपलें क्षेत्र म्हणून निवडलें.

१९०० सालच्या डिसेंबरांत युंग झुरिक येथील बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयांत रुजू झाले. येथेंच त्यांनीं आपली प्रसिद्ध शब्द-चाचणी हातीं घेतली. डॉक्टरनें यादींतील एकेक शब्द उच्चारावा, रोग्यानें मनांत प्रथम येईल तो शब्द सांगावा, आणि मध्यें गेलेला वेळ घड्याळानें मोजावा, अशी ती पद्धति होती. साध्या शब्दांना उत्तर झटकन येई. परंतु एखाद्या शब्दाशीं रोगी अडखळे, हंसे किंवा गप्प राही. त्या अडखळण्याच्या मागें मनांतील एखादी दुखरी गांठ दडलेली असे. या गांठीस आपण आज गंड म्हणतों. युंगांचें चातुर्य असें, कीं चुकीचें उत्तर त्यांनीं टाकून दिलें नाहीं. जेथें उत्तर चुकलें, तेथेंच त्यांनीं खणावयास आरंभ केला.

१९०७ सालीं व्हिएन्ना येथें त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशीं भेट झाली आणि पहिल्याच दिवशीं दोघे सुमारें तेरा तास बोलत बसले. फ्रॉइड त्यांना आपला वारस मानूं लागले. परंतु मतभेद वाढत जाऊन १९१३ सालीं ही मैत्री तुटली. पुढचीं कांहीं वर्षें युंगांस फार कठीण गेलीं. विद्यापीठांतील अध्यापन त्यांनीं सोडलें. प्रौढ वयाचा हा नामांकित डॉक्टर सरोवराच्या कांठीं लहान मुलासारखा दगडांचीं घरें बांधी, आणि आपलीं स्वप्नें व मनांतील चित्रें वहींत उतरवी. तो लाल कातडी बांधणीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळानें, २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

या एकांतवासांतून १९२१ सालीं त्यांचा मनोवैज्ञानिक प्रकारांवरील ग्रंथ बाहेर पडला. एकच रोगी पाहून फ्रॉइड एक अर्थ लावतात आणि आल्फ्रेड आडलर दुसराच लावतात, असें कां व्हावें, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पाहणाऱ्यांच्या स्वभावांतच भेद असला पाहिजे, हें त्यांचें उत्तर. ज्याची मनःशक्ति बाहेरील माणसांकडे व वस्तूंकडे धांवते तो बहिर्मुख. जिची ओढ आंतल्या जगाकडे असते ती व्यक्ति अंतर्मुख. यांशिवाय संवेदन, विचार, भावना व अंतःस्फूर्ति अशा मनाच्या चार वृत्ति त्यांनीं सांगितल्या. समजा, नदीस पूर आला आहे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें हें टिपतें तें संवेदन. तें कां चढलें हें शोधतो तो विचार. यांत कोणाचें काय गेलें, याचें मोल जाणते ती भावना. आणि रात्रीं काय ओढवेल हें आधींच ताडते ती अंतःस्फूर्ति. चारही वृत्ति प्रत्येकाच्या ठायीं असतात. एक पुढें जाते, आणि तिच्या विरुद्ध असलेली मागें, लहान मुलासारखी अडाणी राहते. त्या मागें राहिलेल्या वृत्तीस हात देऊन पुढें आणणें, यांतच मनाची वाढ आहे असें त्यांचें सांगणें होतें. परंतु लोकांनीं अर्धेंच ऐकलें. तेव्हां १९३४ सालीं, या ग्रंथाच्या एका भाषांतरास प्रस्तावना लिहितांना, माणसांवर अशा चिठ्ठ्या डकवीत बसणें हा पोरखेळ असल्याचें त्यांनीं बजावलें.

निरनिराळ्या देशांतील पुराणकथांत व रोग्यांच्या स्वप्नांत युंगांस तींच तींच पात्रें दिसूं लागलीं : माता, वीर, ज्ञानी वृद्ध, खोडकर ठक. मानवजातीच्या मनांत खोल रुजलेल्या या आकृतींस मराठींत आदिबंध म्हणतात. जगास दाखविण्यासाठीं आपण धारण करतों तो मुखवटा. आणि आपल्यांतील जें आपणांस पाहवत नाहीं, ती छाया. ही छाया आपण बहुधा दुसऱ्याच्या अंगावर टाकतों. शेजाऱ्याचा जो दोष आपणांस विलक्षण झोंबतो, तो आपल्या घरांत तर नाहीं ना, हें आधीं पाहावें, असा या शिकवणुकीचा व्यवहारांतील अर्थ आहे.

१९३७ सालच्या डिसेंबरांत युंग मुंबई बंदरांत उतरले. कलकत्ता येथें भरणाऱ्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचें त्यांना निमंत्रण होतें. सांचीचा स्तूप पाहून त्यांचें अंतःकरण हेलावलें. कलकत्त्यांत मात्र आमांशानें आजारी पडून त्यांना इस्पितळांत राहावें लागलें. भारतावर त्यांनीं पुढें आदरानें लिहिलें. परंतु येथील साधुपुरुषांच्या दर्शनास ते मुद्दाम गेले नाहींत. दुसऱ्याला लाभलेलें सत्य उसनें घेऊन आपलें काम भागणार नाहीं, अशी त्यांची धारणा होती.

चरित्र लिहितांना थोरांची उणी बाजू झांकूं नये. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू झाला, त्या वर्षीं युंगांनीं मानसोपचारकांच्या एका संस्थेचें अध्यक्षपद पत्करलें, आणि पुढच्या वर्षीं ज्यू व जर्मन मनांत भेद करणारें लेखन प्रसिद्ध केलें. ज्यू डॉक्टरांस संस्थेंत स्वतंत्र सभासद म्हणून राहतां यावें, अशी तजवीज त्यांनीं केली हें खरें. तथापि तें लेखन अनुचितच होतें, आणि त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका आजही पुसली गेलेली नाहीं. ज्यानें जगास छाया दाखविली, त्यालाही स्वतःची छाया वेळेवर दिसली नाहीं! आत्मपरीक्षण एकदां करून संपत नाहीं, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

युंगांच्या ग्रंथावरून अमेरिकेंत कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनीं सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तिचा आरंभ झाला व १९६२ सालीं ती रीतसर प्रसिद्ध झाली. आज ती जगभर वापरली जाते. परंतु तीच चाचणी कांहीं आठवड्यांनीं पुन्हां दिली असतां अनेकांस दुसराच प्रकार मिळतो, असें संशोधकांस आढळून आलें आहे. त्यांत नवल नाहीं. उंच व ठेंगू अशा दोनच राशींत माणसें विभागतां येत नाहींत. बहुतेक सारीं मधल्या उंचीचींच असतात. स्वभावाचेंही तसेंच आहे.

१९२३ पासून युंगांनीं बोलिंगेन येथें सरोवरकांठीं आपला दगडी बुरूज बांधावयास घेतला. तेथें ते विजेवांचून राहत, लांकडें फोडीत व पाणी स्वतः काढीत. ता. ६ जून १९६१ रोजीं क्युसनाख्ट येथील घरीं, पंचाऐंशी वर्षांचे असतांना त्यांनीं देह ठेवला.

विद्यार्थ्यांनो, चाचणीचा कागद हातीं येईल तेव्हां तो जरूर वाचा. तो आरशासारखा आहे. तोंडावरील डाग दाखवील, पण धुणार नाहीं. आणि पालकहो, त्या कागदावर अंतर्मुख असें लिहून आलें, म्हणून मुलास सभेंत बोलावयाचें थांबवूं नका. गणितांत कल कमी दिसला, म्हणून त्याच्या हातचें पुस्तक काढून घेऊं नका. घेरी येत असतांही व्याकरण उघडें ठेवून बसलेल्या त्या पाळकाच्या मुलाचा प्रकार कोणता, हें त्या दिवशीं कोणासच सांगतां आलें नसतें.