‘साहेबाचे कट्टे’ आणि सूर्यावरच्या ज्वाला

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे ओटे आहेत. हा साहेब म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, असे दर ऑगस्टमध्ये वाचायला मिळते. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले जवळपास तीस वर्षांनी. खरी हकिगत या दंतकथेपेक्षा अधिक रंजक आहे.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे झाला. पेशाने ते ब्रिटिश युद्धखात्यात कारकून. आकाशनिरीक्षण हा नोकरी सांभाळून जोपासलेला छंद. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या कडेभोवती तांबूस ज्वाला दिसतात. त्या चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हे १८६० च्या ग्रहणातील छायाचित्रांनी पक्के केले होते. पण त्या कशाच्या, हे कळेना. कारण पाहायला मिळत ती ग्रहणातली मोजकी मिनिटे.

लॉकियर यांना १८६६ मध्ये एक युक्ती सुचली. एरवी या ज्वाला दिसत नाहीत, कारण आकाशाचा लख्ख उजेड त्यांना झाकून टाकतो. वर्णपटदर्शकातून पाहिले तर हा उजेड सप्तरंगांत पसरून फिका पडतो. तप्त विरळ वायूचा प्रकाश मात्र ठरावीक रंगांच्या मोजक्या रेघांतच एकवटलेला राहतो, म्हणून त्या रेघा उठून दिसायला हव्यात. म्हणजे ग्रहणाची वाट पाहायची गरजच नाही! पण त्यासाठी लागणारे जोरकस उपकरण हाती यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला.

दरम्यान ऑगस्टचे ग्रहण होऊन गेले. फ्रेंच शास्त्रज्ञ झांसेन यांनी ते आंध्रातील गुंटूरहून पाहिले. ज्वालांच्या रेघा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ग्रहणाविनाच पाहून दाखवल्या. याची वार्ता लॉकियर यांना नव्हती. २० ऑक्टोबरला त्यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. श्रेयावरून भांडण झाले नाही. उलट पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक पाडण्यात आले.

या ज्वाला म्हणजे मुख्यतः तप्त हायड्रोजनचे लोट. त्यांचा तांबडा रंग हायड्रोजनचाच. पृथ्वीसारखे कित्येक गोल एकावर एक रचावेत, एवढी त्यांची उंची असू शकते. पण त्यांच्या प्रकाशात एक पिवळी रेघही होती. ग्रहणातही ती काहींना दिसली होती आणि सोडियमची वाटली होती. लॉकियर यांना ती सोडियमच्या रेघांच्या जागी नेमकी बसेना. प्रयोगशाळेत हायड्रोजनही ती देईना. तेव्हा हे नवेच मूलद्रव्य असावे, असे त्यांनी मानले. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले हेलियम. अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू मिळाला. सत्तावीस वर्षे एका रेघेवर ठाम राहणे सोपे नव्हते.

मधल्या काळात लॉकियर स्वस्थ नव्हते. १८६९ मध्ये त्यांनी ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू केले आणि पन्नास वर्षे संपादले. १८७१ चे ग्रहण पाहायला ते केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर आले होते. सगळेच अंदाज खरे ठरले असे नाही. सूर्यावरील डाग आणि भारतातील दुष्काळ यांचा त्यांनी लावलेला संबंध टिकला नाही.

विजयदुर्गचा मुक्काम १८९८ चा. २२ जानेवारीच्या ग्रहणासाठी त्यांची तुकडी किल्ल्यावर उतरली. ‘मेलपोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी मदतीला होते. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणे रोखून होते.

१६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी लॉकियर यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले.