विश्लेषण : गिळलेली पिन, श्वासात गेलेला शेंगदाणा शरीरात कुठे जातो? त्यांचा माग काढणारे डॉ. शेव्हलियर जॅक्सन कोण होते?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील म्यूटर संग्रहालयात खणांचे एक कपाट आहे. त्यात सेफ्टी पिना, नाणी, बटणे, खिळे, हाडांचे तुकडे आणि छोटी खेळणी नीट मांडून ठेवली आहेत. या २,३७४ वस्तू कधी ना कधी माणसांच्या घशातून, अन्ननलिकेतून किंवा फुप्फुसातून बाहेर काढलेल्या आहेत. हा संग्रह डॉ. शेव्हलियर जॅक्सन यांचा.

जॅक्सन कोण होते?

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. लहानपणी सोबतच्या मुलांकडून त्यांचा बराच छळ झाला. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे लंडनला जाऊन घशाच्या विकारांचे शिक्षण घेतले. पिट्सबर्गमध्ये त्यांच्याकडे येणारे बरेचसे रुग्ण गरीब होते. अन्ननलिकेत डोकावता येईल अशी नळी त्यांनी तयार केली. मात्र पुरेशा सरावाविना इतरांनी ती वापरली आणि अपघात घडले. त्यामुळे आधी प्रशिक्षण आणि मगच रुग्ण, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला.

अडकलेली वस्तू नेमकी कुठे जाते?

घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात. मागची अन्ननलिका जठराकडे जाते, तर पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे. अन्ननलिका तीन ठिकाणी अरुंद असते : सुरुवातीला, छातीत महाधमनीजवळ आणि जठराच्या तोंडाशी. नाणे बहुधा पहिल्याच ठिकाणी अडकते. ते जठरात उतरले, तर बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. श्वासनलिकेची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक सरळ उभी असते. म्हणून श्वासात गेलेली वस्तू, विशेषतः मोठ्या माणसांत, बऱ्याचदा उजवीकडे सापडते.

शेंगदाणा धोकादायक का?

सुरुवातीला जोराचा ठसका लागतो. मग खोकला थांबतो आणि संकट टळले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात दाणा आत फुगत असतो व त्यातील तेलामुळे भोवताली सूज येते. काही दिवसांनी घरघर, ताप, न्यूमोनिया अशी लक्षणे दिसतात आणि उपचार दम्याचे सुरू होतात. शेंगदाणा क्ष-किरणांत दिसतही नाही. मधल्या या फसव्या शांततेकडे जॅक्सन यांनी डॉक्टरांचे वारंवार लक्ष वेधले. फुप्फुसाचा त्रास बरा होत नसेल, तर मूल कधी ठसकले होते का हे विचारायलाच हवे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांची पद्धत काय होती?

श्वासनलिकेत नळी घालून हाडाचा तुकडा काढण्याचे काम १८९७ मध्ये जर्मनीत गुस्टाव किलियन यांनी केले होते. जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाला बारीक दिवा बसवला. प्रत्येक आकाराच्या वस्तूसाठी त्यांनी वेगळे चिमटे घडवले. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून रुतलेली असेल, तर ती तशीच ओढल्यास नळी फाटते. त्यामुळे ती आतच मिटवायची किंवा फिरवून घ्यायची, असा त्यांचा मार्ग होता. वस्तूची जुळी प्रत मिळवून ते आधी सराव करत. बहुतेक मुलांना ते भूल देत नसत. १९११ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. त्या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग त्यांनी लेखनासाठी केला. १९१६ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले आणि तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी शिकवले.

कायद्याशी त्यांचा संबंध कसा?

त्या काळी घरोघरी साफसफाईसाठी कॉस्टिक सोडा वापरला जाई, पण त्याच्या डब्यावर धोक्याची सूचना नसे. साखर समजून मुले तो तोंडात घालत. अन्ननलिका भाजून आकसे आणि मुलांना पाण्याचा घोटही उतरेनासा होई. अशी मुले पाहून जॅक्सन यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेत अशा दाहक पदार्थांवर विषाची सूचना छापणे बंधनकारक करणारा कायदा झाला. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

कॉस्टिक सोड्याची जागा आता खेळण्यांतील आणि रिमोटमधील बटण सेलने घेतली आहे. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलमधून वीज वाहते आणि त्या जागी तसाच दाहक क्षार तयार होतो. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेल गिळल्याचा संशय आला, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मुलाला उलटी करायला लावू नये आणि घशात आंधळेपणाने बोट घालू नये. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ठसका थांबला तरी मूल घरघरत असेल, तर तो ठसका डॉक्टरांना आवर्जून सांगावा.