झाडाच्या जखमेची हाक

जीवाणूंमुळे माणसाला रोग होतात, हे पाश्चर आणि कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात जगाच्या गळी उतरवले. झाडांनाही ते होतात, हे मात्र पंडितांना पटेना. ते पटवून देण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, त्यांत अमेरिकेचे अर्विन फ्रिंक स्मिथ यांचे नाव आघाडीवर आहे.

स्मिथ यांचा जन्म १८५४ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. घरची शेती, परिस्थिती ओढगस्तीची. शालेय शिक्षण पुरे व्हायला वयाची सव्विशी उजाडली. पण पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, मिशिगनमधील वनस्पतींची सूची त्यांनी एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केली. १८८६ मध्ये ते वॉशिंग्टनला कृषी खात्यात रुजू झाले आणि १९२७ साली मृत्यू येईपर्यंत त्याच खात्यात राहिले.

जर्मनीचे आल्फ्रेड फिशर यांनी झाडांचे जीवाणूजन्य रोग ही कल्पनाच धुडकावली होती. स्मिथ यांनी त्यांना जर्मन नियतकालिकातच पुराव्यानिशी उत्तर दिले आणि वाद जिंकला. स्त्रियांना प्रयोगशाळेची दारे सहसा बंद असण्याचा तो काळ. स्मिथ यांनी अनेक स्त्रियांना आपल्याकडे घेतले आणि स्वतंत्र संशोधन सोपवले.

१९०६ च्या अखेरीस पत्नी शार्लोट गेल्या. स्मिथ खचले, पुढे तिच्या आठवणीत त्यांनी कवितांचे पुस्तकही काढले. पण काम थांबले नाही. १९०७ मध्ये त्यांनी टाउनसेंड यांच्यासह जाहीर केले, की डेझीच्या झाडावर येणाऱ्या गाठींमागे एक जीवाणू आहे. आज त्याला अॅग्रोबॅक्टेरियम म्हणतात. या गाठींचे कर्करोगाशी असलेले साम्य स्मिथ यांना अखेरपर्यंत खुणावत राहिले. जीवाणूंनी सोडलेली रसायने पेशींना चिथावत असावीत, असा त्यांचा कयास होता.

गुन्हेगार सापडला, गुन्ह्याची रीत मात्र त्यांच्या हयातीत उलगडली नाही. मातीत निमूट राहणारा हा जीव झाडाला जखम होताच चवताळतो कसा?

उत्तर हप्त्याहप्त्याने आले. १९७४ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे शेल आणि व्हॅन मोंटागू यांच्या गटाला गाठ आणणाऱ्या जीवाणूंत डीएनएचे एक मोठे कडे सापडले. त्यातला एक तुकडा झाडाच्या पेशीत शिरतो, हे १९७७ मध्ये अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन व सहकाऱ्यांनी दाखवले. तो तुकडा झाडाकडून वाढीची संप्रेरके तयार करवतो, म्हणून गाठ फुगते. शिवाय जीवाणूचे खाद्यही झाडाकडूनच बनवून घेतो.

मग १९८५ मध्ये हाकही सापडली. जखमी पेशींतून अॅसिटोसिरिंगोन नावाचे द्रव्य पाझरते. जीवाणूच्या पेशीपटलातले व्हीर-ए हे प्रथिन त्याची वर्दी घेते आणि व्हीर-जी या दुसऱ्या प्रथिनाला देते. ते हल्ल्याची जनुके जागी करते. तोवर ती जवळजवळ झोपलेली असतात, कारण शस्त्रे घडवायला शक्ती खर्च होते. बँकेत मंजुरीविना तिजोरी उघडत नाही, तसाच हा व्यवहार. झाड स्वतःची जखम भरू पाहते आणि त्या धडपडीचा गंध शत्रूला वाट दाखवतो.

या शत्रूला पुढे माणसाने कामाला जुंपले. गाठ आणणारी जनुके काढून तिथे हवी ती बसवता येतात, हे १९८३ पर्यंत सिद्ध झाले. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीतले जनुकही मुळात याच वाटेने कपाशीत गेले होते. त्या कपाशीवरून विदर्भ-मराठवाड्यात वाद पुष्कळ झाले. त्या वादांमागची वाट डेझीवरच्या एका गाठीपर्यंत जाते, आणि तिथे स्मिथ भेटतात.