थोरले शाहू महाराज

इ. स. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि संभाजी महाराजांचा सात वर्षांचा पुत्र, मातोश्री येसूबाईंसह, औरंगजेबाच्या छावणीत कैदी झाला. त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवले होते. परंतु इतिहास त्याला शाहू या नावानेच ओळखतो. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्याची ममतेने काळजी घेतली हे खरे. पण पहारा तो पहाराच. अशी सतरा वर्षे गेली.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि तख्तासाठी त्याच्या पुत्रांत युद्ध जुंपले. उत्तरेकडे निघालेल्या आज्जमशहाने भोपाळजवळ दोराहा येथे मे महिन्यात शाहूंना मुक्त केले. यात दया कमी आणि हिशेब अधिक होता. शाहू स्वदेशी परतले की मराठ्यांत दुही माजेल, हे तो जाणून होता. येसूबाईंना मात्र मोगलांनी ओलीस ठेवून घेतले.

हिशेब चुकला नाही. राजाराम महाराज १७०० साली निवर्तल्यापासून त्यांच्या पत्नी ताराबाई राज्याचा गाडा हाकीत होत्या. औरंगजेबासारख्या शत्रूशी त्या सात वर्षे झुंजल्या होत्या. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य बुडाले, आताचे राज्य राजारामांनी नव्याने उभारले, म्हणून गादी आपल्या पुत्राची, असे त्यांचे म्हणणे होते. परतणारा तरुण शाहू नसून कोणी तोतया आहे, अशीही हाकाटी झाली. ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून एकनिष्ठेच्या शपथा घेतल्या.

शाहूंजवळ आरंभी मूठभर माणसे होती. नर्मदा ओलांडून आणि सातपुड्याचे डोंगर उतरून ते खानदेशात आले. वाटेत एकेक सरदार त्यांना मिळत गेला. त्यांत परसोजी भोसले प्रमुख होते. लोकांच्या मनातील संशय फिटावा म्हणून परसोजी शाहूंबरोबर एकाच ताटात जेवले, असे सांगतात. शंभर फर्मानांनी जे झाले नसते, ते त्या एका जेवणाने झाले.

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा नदी खेडवरून वाहते. हे खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर. तेथून सुमारे १० किलोमीटरवर चाकण आहे. आज चाकणचे नाव कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. पण १६६० साली तेथील लहानशा भुईकोटात फिरंगोजी नरसाळा याने शायिस्तेखानाची प्रचंड फौज जवळजवळ दोन महिने रोखून धरली होती. त्याच मुलखात आता मराठ्यांसमोर मराठेच शस्त्र उपसून उभे राहिले. एका बाजूस शाहू, दुसऱ्या बाजूस ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी.

धनाजी मोठ्या पेचात सापडले. शपथ मोडावी, तर इमान जाते. पाळावी, तर संभाजी महाराजांच्या पुत्रावर तलवार चालवावी लागते. धनाजींच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली. शाहू खरे आहेत याची खात्री पटताच धनाजींनी निर्णय घेतला. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी लढाईला तोंड लागले, तेव्हा सेनापतींचे सैन्य लढलेच नाही. परशुरामपंतांचा पराभव झाला आणि ते साताऱ्याकडे निघून गेले.

प्रत्येकाला धनाजींसारखा मार्ग सापडला नाही. ताराबाईंना वचन दिलेले शंकराजी नारायण सचिव यांना ना वचन मोडवेना, ना शाहूंशी लढवेना. त्यांनी प्राणत्याग केला. शाहूंनी त्यांच्या घराण्यावर राग न धरता सचिवपद त्यांच्या अल्पवयीन पुत्रास दिले.

साताऱ्याचा किल्ला मात्र प्रतिनिधींनी सोडला नाही. तेव्हा शाहूंनी किल्लेदार शेख मिरा याची वाईस असलेली बायकामुले पकडून त्याला धाक घातला, असे सांगतात. हा उपाय शाहूंच्या सौम्य स्वभावाला शोभणारा नव्हता. शेख मिराने प्रतिनिधींना कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या.

यादवी त्यामुळे संपली नाही. ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी आंग्रे कोकणातून घाट चढून आले. त्यांनी लोहगड घेतला आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. १७१३ साली शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन कान्होजींकडे पाठवले. बाळाजींनी लढाईऐवजी बोलणी केली आणि १७१४ साली तह होऊन कान्होजी शाहूंचे झाले. हेच बाळाजी पुढे दिल्लीस गेले आणि १७१९ साली येसूबाई मुक्त होऊन साताऱ्यास आल्या. मायलेकरांची भेट बारा वर्षांनी झाली.

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. त्याआधीच्या लढाईत ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या होत्या. त्यांनी कोल्हापूरला परत न जाता साताऱ्यातच राहणे पसंत केले आणि शाहूंनी आपल्या काकूंची तेथे व्यवस्था लावून दिली. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांनी देह ठेवला, तेव्हा ताराबाई साताऱ्यातच होत्या.