मूस साहेबांची चुंबकसुई

अलिबाग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बीच, किल्ला आणि सलग तीन दिवस सुट्टी! पण याच अलिबागमध्ये १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. आणि ती सोय करणारा माणूस पुण्यात इंजिनिअरिंग शिकला होता, हे किती जणांना माहीत आहे?

त्यांचं नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. जन्म १८५९. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, ते एल.सी.ई. झाले. पुढे एडिंबरोला शिकले आणि १८९६ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

कुलाब्याला १८४६ पासूनच्या नियमित चुंबकीय नोंदी होत्या. तेवढ्यात मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा करंट रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत शिरतो आणि चुंबकसुया हलतात. म्हणजे साठ वर्षांच्या कामावर पाणी! ट्राम तर शहराला हवीच होती. मूस साहेबांनी मग सुमारे ३० किलोमीटरवर अलिबाग निवडलं आणि तिथे लोखंड न वापरता इमारत बांधून घेतली. पण लगेच कुलाबा बंद केलं नाही. जवळजवळ दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी रीडिंग घेतली, म्हणजे जुना आणि नवा डेटा एकमेकांशी जुळवता आला. १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय मापनं थांबली, १९०७ मध्ये ट्राम धावली. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ चा सगळा डेटा दोन खंडांत छापला. त्यांच्या जन्मवर्षी आलेलं प्रचंड सौरवादळ शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या नोंदींवरून अभ्यासतात.

आता याचा सॅटेलाइटशी काय संबंध? सॅटेलाइटला आपली दिशा ओळखायला मॅग्नेटोमीटर लागतो, पण त्याच्याच वायरिंगमधला करंट रीडिंग बिघडवतो. तोच ट्रामचा प्रॉब्लेम! म्हणून कधी सेन्सर लांब दांडीच्या टोकाला बसवतात. ते झालं त्याचं अलिबाग. तरीही उरलेली एरर कक्षेत गेल्यावरच काढावी लागते. सॅटेलाइट कसाही वळलेला असो, चुंबकीय क्षेत्राची एकूण तीव्रता बदलत नाही. त्यामुळे अनेक रीडिंग्जची पृथ्वीच्या चुंबकीय मॉडेलशी तुलना करून सेन्सरचा बायस आणि स्केल सापडतो. हे मॉडेल दर पाच वर्षांनी सुधारतात, आणि त्यासाठी सॅटेलाइट्सबरोबर जमिनीवरच्या वेधशाळांचाही डेटा लागतो.

२०१६ मध्ये सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा सॅटेलाइट पीएसएलव्हीतून गेला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारे दिशा धरण्यासाठी त्यात साधं कायमचं चुंबक होतं. मूस साहेब १९३६ मध्येच गेले, स्पुटनिक उडण्याच्या एकवीस वर्षं आधी. त्यांना हे कळलं असतं तर नक्कीच आवडलं असतं.

तेव्हा मित्रांनो, लॅबमध्ये झिरो एरर लिहायचा कंटाळा आला, तर एकदा अलिबागची आठवण काढा. बीचची नव्हे!